टोनर भरून मिळेल

जयसिंगपूर ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी आधी थोडं. शाहू महाराजांनी १९१७ साली आपल्या जनक वडिलांच्या, म्हणजे कागलच्या जयसिंगराव घाटग्यांच्या नावानं हे गाव वसवलं. आखून-रेखून, पट्टीनं रेघा मारल्यासारखं. म्हणून इथल्या गल्ल्यांना नंबर आहेत. पत्ता सांगताना 'अमुकावी गल्ली' म्हटलं की रिक्षावाला पुढचं विचारत नाही. सांगली आणि कोल्हापूरच्या मधलं, रेल्वेवरचं, तंबाखूच्या पेठेचं आणि उसाच्या पट्ट्यातलं गाव. अशाच एका नंबरच्या गल्लीत आमच्या मामांचं दुकान. फळ्यावर ओळीनं लिहिलेलं: डीटीपी, झेरॉक्स, लग्नपत्रिका, आणि सगळ्यात खाली, नंतर जागा उरली म्हणून घुसवल्यासारखी एक ओळ, 'टोनर भरून मिळेल'.

आजचा लेख त्या शेवटच्या ओळीबद्दल आहे. (मावशी हा मामांना वाचून दाखवणार आहे हे मला माहीत आहे, त्यामुळे जरा जपून लिहितोय.)

आता टोनर म्हणजे काय, तर शाई नव्हे. ही गोष्ट अर्ध्या लोकांना माहीत नसते. लेझर प्रिंटरमध्ये ओलं काही नसतंच. असते ती काळी पावडर, आणि ती मुख्यतः प्लॅस्टिकची. त्यात काजळी, आणि मामांच्या दुकानातल्या प्रिंटरसारखा असेल तर लोहाचा चुंबकीय ऑक्साइड. एकेक कण साधारण पाच ते दहा मायक्रॉनचा, म्हणजे केसाच्या जाडीच्या कितीतरी लहान. प्रिंटरच्या आतल्या ड्रमवर स्थिर विजेचा भार चढवतात. लेझरचा किरण जिथे जिथे पडतो तिथला भार उतरतो, तिथे ही पावडर उडून चिकटते. मग ती कागदावर ओढून घ्यायची आणि दोनशे अंशांच्या आसपास तापलेल्या रुळाखालून काढायची. प्लॅस्टिक वितळतं, कागदाच्या तंतूंत बसतं, झालं अक्षर. केसांतून फिरवलेला कंगवा कागदाचे कपटे उचलतो ना, त्यातलाच प्रकार. म्हणूनच टोनर अंगावर सांडला तर कपडे गार पाण्यात धुवायचे. गरम पाण्यात टाकले की तो डाग पक्का झालाच म्हणून समजा. मामींनी हे ज्ञान दोन शर्ट आणि एक उशीचा अभ्रा घालवून मिळवलेलं आहे.

ह्या सगळ्याच्या मुळाशी चेस्टर कार्लसन नावाचा एक गरीब घरातला माणूस आहे. न्यूयॉर्कमध्ये एका कंपनीच्या पेटंट खात्यात कामाला होता. कागदपत्रांच्या नकला हातानं उतरवून आणि आकृत्या फोटोवाल्याकडे पाठवून कंटाळला होता, त्यात संधिवात. २२ ऑक्टोबर १९३८ रोजी अ‍ॅस्टोरिया भागातल्या एका भाड्याच्या खोलीत त्यानं आणि त्याच्या मदतनीसानं, ऑटो कॉर्नाईनं, गंधकाचा थर दिलेला जस्ताचा पत्रा हातरुमालानं घासला, त्यावर '१०-२२-३८ अ‍ॅस्टोरिया' लिहिलेली काच धरून उजेड पाडला, वरून लायकोपोडियमची पूड भुरभुरली, आणि मेणकागदावर ती अक्षरं उमटली. जगातली पहिली झेरॉक्स. पुढची काही वर्षं तो कंपन्यांची दारं ठोठावत हिंडला आणि बड्या बड्या कंपन्यांनी त्याला परत पाठवलं. शेवटी हॅलॉइड नावाच्या लहानशा कंपनीनं हात दिला. तीच पुढे झेरॉक्स झाली. १९५९ साली त्यांचं ९१४ नावाचं यंत्र आलं. वजन जवळजवळ तीनशे किलो, आणि कागद पेटण्याची भीती असल्यामुळे सोबत आग विझवायचं नळकांडं!

पण मला त्या यंत्रापेक्षा त्याच्या धंद्याची तऱ्हा जास्त महत्त्वाची वाटते. ते यंत्र बहुतेकांनी विकत घेतलंच नाही, भाड्यानं घेतलं. महिना ९५ डॉलर, त्यात २००० प्रती फुकट, त्यापुढे दर प्रतीला काही सेंट. म्हणजे यंत्र कंपनीचं, देखभाल कंपनीची, पावडर कंपनीची. तुम्ही फक्त प्रतीचे पैसे द्यायचे. यंत्र नेमकं कुणाचं हा प्रश्न तिथे निघतच नव्हता.

लेझर प्रिंटरही झेरॉक्समध्येच जन्मला. गॅरी स्टार्कवेदर नावाच्या माणसाची कल्पना वरिष्ठांना पटेना, तेव्हा तो १९७१ मध्ये कंपनीच्या कॅलिफोर्नियातल्या पार्क ह्या संशोधन केंद्रात गेला आणि तिथे झेरॉक्सच्याच यंत्रात फेरफार करून त्यानं तो बनवला. १९७७ साली बाजारात आला तेव्हाही तो खोलीभर मोठा होता. आपल्या टेबलावर तो आणला कॅननने. आणि तो आला एका डब्याच्या जोरावर.

हा डबा म्हणजे कार्ट्रिज. १९८२ साली कॅननने लहान कॉपीयंत्रं काढली तेव्हा त्यांच्यापुढे अडचण अशी होती की झेरॉक्स यंत्राला सारखा माणूस लागतो. ड्रम झिजतो, पावडर संपते, उरलेली पावडर काढावी लागते. कचेरी मोठी असेल तर माणूस येतो, पण एका खोलीच्या कचेरीत कोण येणार? म्हणून त्यांनी बिघडणारं सगळं एका डब्यात कोंबलं. ड्रम, टोनर, साफ करणारं पातं, वाया गेलेल्या पावडरची टाकी. बिघडलं की डबा काढा, फेका, नवा घाला. हीच युक्ती १९८४ च्या एचपी लेझरजेटमध्ये आली. त्याचं इंजिन कॅननचंच, किंमत ३४९५ डॉलर. दुरुस्तीवाल्याची गरजच उरू नये म्हणून केलेली ही योजना. आणि त्याच डब्यानं जगभर एक नवा दुरुस्तीवाला जन्माला घातला!

कारण डबा उघडून पाहणारे लोक लगेच निघाले. पावडर संपली तरी ड्रम अजून बरा असतो, हे त्यांच्या लक्षात आलं. अमेरिकेत ८० च्या दशकातच डब्याला भोक पाडायचं, पावडर ओतायची आणि भोक बुजवायचं, असा कारभार सुरू झाला. पुढे त्यात सफाई आली, सुटे भाग मिळू लागले, मोठा उद्योग झाला.

आमच्याकडे हे सगळं पोहोचायला वेळ लागला, पण पोहोचलं ते एका विशिष्ट डब्याच्या रूपानं. ज्यांनी २००५ ते २०१५ मध्ये भारतात कुठल्याही कचेरीत, शाळेत, झेरॉक्सच्या दुकानात काम केलंय त्यांना '१२-ए' हा आकडा सांगावा लागणार नाही. एचपी १०२० आणि कॅनन एलबीपी-२९००, दोन वेगळ्या कंपन्यांचे प्रिंटर, पण डबा जवळजवळ तोच. कारण आत इंजिन कॅननचं. कंपनीच्या हिशेबानं एका डब्यात २००० पानं. (९१४ च्या भाड्यातल्या फुकट प्रतीही २०००च. योगायोग.) पण ही २००० पानं कुठली, तर ज्यावर पाच टक्के जागाच काळी आहे अशी. म्हणजे विरळ मजकुराचं पत्र. काळ्या पट्ट्यांचा तक्ता नि कोपऱ्यात आधारकार्डाची काळीकुट्ट प्रत असं पान छापायला घ्या, मग पाहा २००० कुठे राहतात ते.

तेव्हा नवा डबा तीन हजारांच्या आसपास होता, भरून घेतला तर तीन-साडेतीनशे. आणि झेरॉक्सचा दर पानाला एक रुपया होता. हिशेब तुम्हीच करा. अशा दुकानात पानामागे दीड रुपया नुसत्या डब्याचाच जाणार असेल तर दुकान उघडायचं कशाला? मामांनी कधी स्वस्ताईचं तत्त्वज्ञान सांगितलं नाही. एकदाच म्हणाले, "अरे, दिव्यातलं तेल संपलं म्हणून दिवा टाकून देतंय व्हय कोण?"

१२-ए भरायला सोपा होता, हेही खरं. त्यात चिप नव्हती. दोन्ही बाजूंच्या पिना काढल्या की डब्याचे दोन भाग होतात. एका भागात ड्रम, चार्जचा रूळ आणि वेस्टची टाकी, दुसऱ्यात पावडर आणि मॅग्नेटिक रूळ. वेस्ट झटकायचं, पातं पुसायचं, ड्रम उजेडात फार वेळ ठेवायचा नाही, शंभरेक ग्रॅम पावडर भरायची, पिना ठोकायच्या. सुरुवातीला हे काम सांगलीहून मोटरसायकलवर येणारे एक दादा करायचे. पिशवीत पावडरच्या बाटल्या, जुना ब्रश, पक्कड आणि एक लोहचुंबक. सांडलेली पावडर ते चुंबकानं उचलायचे, आम्हा पोरांना ती जादू वाटायची. दोन वर्षं बघून बघून मामा स्वतः शिकले आणि फळ्यावर ती शेवटची ओळ आली.

कोल्हापूर भागात हे काही नवल नाही म्हणा. आनंदराव आणि बाबुराव पेंटर ह्या भावांनी सिनेमाचा कॅमेरा स्वतः घडवायचा ध्यास घेतला. आनंदराव १९१६ साली गेले, बाबुरावांनी तो १९१८ मध्ये तडीस नेला आणि १९२० साली 'सैरंध्री' पडद्यावर आणला. यंत्र उघडून बघायला इथल्या माणसाला कुणाची परवानगी लागत नाही. आणि छपाईचंच म्हणाल तर जयसिंगपूरपासून हाकेवरच्या मिरजेत १८०५ साली गंगाधरराव पटवर्धनांनी गीता छापवून घेतली, तांब्याच्या पत्र्यांवर अक्षरं कोरून. कारागीर पुण्याहून आलेला तांबट. नाना फडणविसांच्या पदरी सुरू झालेलं ते काम तिथे अर्धवट राहिलं होतं. मराठी मुलखातली देवनागरी छपाईची ही अगदी सुरुवात, आणि ती एका भांडी घडवणाऱ्या जातिवंत हाताची. मला हे फार आवडतं.

असो. रिफिलची बाजू घेतोय म्हणून त्याचे दोष झाकायचे नाहीत. भरलेल्या डब्याची छपाई नव्यासारखी येतेच असं नाही. ड्रम म्हातारा झाला की पानावर राखाडी छटा येते, कडेला काळी रेघ उमटते, पहिल्या ओळीचं भूत खाली पुन्हा दिसतं. झेरॉक्सच्या गिऱ्हाइकाला चालतं. पण लग्नपत्रिकेचं काम असं की मजकूर लेझरवर ट्रेसिंग पेपरवर काढायचा आणि त्यावरून स्क्रीन किंवा ऑफसेटची प्लेट बनवायची. तिथे अक्षर काळं कुट्ट लागतं. जरा फिकं असेल तर उजेड आरपार जातो आणि वेलांट्या तुटतात. म्हणून मामांकडे दोन प्रिंटर. पत्रिकेचा वेगळा, त्यात कायम कंपनीचा नवा डबा. तोच डबा संपला की भरून झेरॉक्सच्या प्रिंटरला. मुलाचा सदरा धाकट्याला, तसा. आणि पावडरीचेही प्रकार. हलकी पावडर वेगळ्या तापमानाला वितळते, ती तापलेल्या रुळाला चिकटून बसते. काही लोक तर वेस्टची पावडरच गाळून परत भरतात. वेस्टमध्ये कागदाची धूळ असते, ती ड्रमवर ओरखडे काढते. पुण्यात एका दुकानातून मी भरून आणलेल्या डब्यानं प्रिंटरच्या पोटात अशी काळी होळी केली होती की दुरुस्तीचा खर्च दोन नव्या डब्यांएवढा झाला. आणि त्या बारीक धुळीचं काय? मामा तोंडाला रुमाल बांधून, दारात बसून काम करतात. रुमालानं पाच मायक्रॉन कितपत अडतात, हे मी त्यांना दोनदा सांगून पाहिलं आहे. मावशी, हे वाक्य जरा मोठ्यानं वाच.

कंपन्यांनी हे सगळं गप्प बसून पाहिलं असेल असं वाटत असेल तर तसं नाही. सगळ्यात गाजलेलं भांडण लेक्समार्कचं. ह्या कंपनीनं १९९७ पासून दोन किमती लावल्या. पूर्ण किमतीचा डबा हवा तसा वापरा, सवलतीचा घेतलात तर एकदाच वापरून आम्हाला परत करा. आणि हे पाळलं जावं म्हणून डब्यात चिप. नॉर्थ कॅरोलिनातल्या स्टॅटिक कंट्रोल ह्या कंपनीनं त्या चिपची नक्कल बनवली. लेक्समार्कनं डिसेंबर २००२ मध्ये खटला घातला, तोही चित्रपट-संगीताची चोरी रोखायला केलेल्या डिजिटल कॉपीराइट कायद्याखाली! त्या चिपमधला ज्या प्रोग्रॅमवरून वाद, तो एका मॉडेलमध्ये ३७ बाइटचा आणि दुसऱ्यात ५५ बाइटचा. अवांतर: युनिकोडच्या हिशेबात आपलं अक्षर तीन बाइट खातं. 'टोनर भरून मिळेल' मोजून पाहिलं, ४१ बाइट भरले. म्हणजे मामांच्या फळ्यावरची ओळ एका मॉडेलच्या प्रोग्रॅमपेक्षा मोठी! २००४ मध्ये अपील कोर्टानं लेक्समार्कच्या बाजूची मनाई उठवली.

मग मूळ प्रश्न, डबा विकल्यावर तो कुणाचा, अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात गेला तो वेस्ट व्हर्जिनियातल्या इम्प्रेशन प्रॉडक्ट्स नावाच्या लहान कंपनीमुळे. ३० मे २०१७ रोजी निकाल लागला. वस्तू एकदा विकली की तिच्यावरचा पेटंटचा हक्क संपला, सवलत दिली असो वा अट घातली असो. ह्या मुद्द्यावर न्यायमूर्तींचं एकमत होतं. सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी दाखला दिला तो जुन्या गाड्या दुरुस्त करून विकणाऱ्या गॅरेजचा. जपानमध्ये मात्र २००७ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं कॅननच्या शाईच्या डब्यांबाबत उलटा कौल दिला होता. त्यांच्या मते तसा भरलेला डबा म्हणजे नव्यानं बनवलेली वस्तू. दोन्ही निकाल वाचले की वाटतं, भांडण कायद्याचं कमी आणि 'भरणं' ह्या क्रियापदाचं जास्त आहे.

त्याच २०१७ च्या पावसाळ्यात जयसिंगपुरात मामांना सुप्रीम कोर्टाची फिकीर नव्हती. शेतकरी कर्जमाफीचे अर्ज ऑनलाइन भरायचे होते, सप्टेंबरपर्यंत मुदत, आणि आधार, पासबुक, सातबारा, सगळ्याच्या प्रती. पहाटेपासून रांगा. महिन्याला दोनदा भरायचा डबा आठवड्याला दोनदा भरावा लागत होता.

आणि मग २०१९ चा ऑगस्ट. शिरोळ तालुक्यातली नदीकाठची गावं पाण्याखाली. कुरुंदवाड, नृसिंहवाडी, किती नावं घेऊ. जयसिंगपूर उंचावर असल्यामुळे माणसं तिकडे आली, शाळा आणि कार्यालयं भरली. हायवे बंद, सांगली-कोल्हापूर रस्ता बंद, माल येणार कुठून? पाणी ओसरू लागल्यावर पंचनाम्यांचे कागद, घरात भिजून लगदा झालेल्या रेशनकार्डाची शेजाऱ्याकडे किंवा फोनमध्ये राहिलेली प्रत, बँकेचा अर्ज, हे सगळं एकदम सुरू झालं. वीज येऊन-जाऊन. मामांकडे पावडरच्या दोन बाटल्या होत्या, त्या चार दिवसांत संपल्या. पत्रिकेच्या प्रिंटरमधला नवा डबाही संपला. ज्या कामाला ते आयुष्यभर नावं ठेवत आले ते त्यांनी तेव्हा केलं. वर्षभर साठवलेलं वेस्ट मामींच्या मलमलच्या फडक्यातून दोनदा गाळलं आणि डब्यात भरलं. पानं राखाडी आली, मध्ये खडीसारखे ठिपके. पण नाव आणि आकडा वाचता येत होता. रुपया घेतला नाही कुणाकडून. रस्ते सुरू झाल्यावर सांगलीचे दादा स्वतः पावडर घेऊन आले तेव्हा मामांनी पहिल्यांदा तो ओरखडलेला ड्रम काढून त्यांच्या हातात दिला. ते बराच वेळ उलटसुलट करून बघत राहिले म्हणे.

पुढचं थोडक्यात. २०११ पासून भारतात शाईच्या टाकीचे प्रिंटर आले, बाटलीतून शाई ओतायची आणि चालू. भरण्याला विरोध करणाऱ्या कंपन्यांनीच भरण्याचं यंत्र काढलं! एचपीनं २०१९ मध्ये लेझरमध्येही तसंच, वरून टोनर भरायची सोय असलेलं यंत्र आणलं. १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा आला, प्रती काढणं काहीसं कमी झालं. ज्या चीनमधल्या उद्योगानं सुटे भाग आणि चिपा बनवून रिफिलवाल्यांना जगवलं, त्यातल्याच एपेक्सनं २०१५ मध्ये स्टॅटिक कंट्रोल विकत घेतली आणि २०१६ मध्ये एका गटाच्या साथीनं चक्क लेक्समार्कही. वादी आणि प्रतिवादी एकाच घरात! आणि २०२५ मध्ये लेक्समार्क पुन्हा विकली गेली. घेतली कुणी, तर झेरॉक्सनं.

हे मी मामांना फोनवर सांगितलं. त्यांनी विचारलं, "मग आता १२-ए चे ड्रम स्वस्त होणार का?" मी म्हटलं, त्याचा ह्याच्याशी संबंध नाही. "मग ठेव," म्हणाले, "गिऱ्हाईक आलंय."